सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी साडेआठ लाख गेले

अनुदानित महाविद्यालयात जागा निघाली की 'बोलणी' कशी होतात, हे नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) झालेल्या कुणाला सांगायला नको. मला मात्र कुठल्या दलालाने नाही, खुद्द संस्थेच्या सचिवांनी केबिनमध्ये बसवून लुटलं.

"सर, एनओसी (जागा भरायची सरकारी परवानगी) आलीय, तुमचंच नाव धरलंय." ठरले 25 लाख, आगाऊ 8,50,000 रोख. पावती करताना लेखनिकाने महाविद्यालयाचं पावतीपुस्तक बाजूला सारलं आणि ट्रस्टचं दुसरंच काढलं. त्यावर लिहिलं, 'इमारत निधी, स्वेच्छा देणगी'. तिथंच कळायला हवं होतं, असं आता सगळे ऐकवतात. पीएच.डी. करून तासिका तत्त्वावर राबणाऱ्याने, सुट्टीत एक रुपया न मिळणाऱ्याने, 57,700 मूळ वेतनाची जागा समोर असताना काय करायचं? मी उठलो असतो, तर बाहेर बाकावर पुढचा बसलेलाच होता.

मुलाखतीत विषयतज्ज्ञांनी माझा एकही शोधनिबंध उघडला नाही. गुणपत्रकावर माझ्या नावापुढे पेन्सिलीने आकडा आधीच लिहिलेला दिसला. निवड झाली विश्वस्तांच्या भाच्याची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड निव्वळ मुलाखतीवर. सगळी चोरी याच फटीतून होते. पैसे मागायला गेलो तर उत्तर मिळालं, "देणगी परत करायची पद्धत नाही."

पोलीस म्हणाले, पावतीवर स्वेच्छा लिहिलंय, दिवाणी मामला आहे. वर दम दिला की जास्त बोललात तर पैसे दिले म्हणून तुम्हीच अडकाल. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय विद्यापीठाकडे बोट दाखवतं, विद्यापीठ संस्थेकडे. अरे, मग निवड समितीत कुलगुरूंचा प्रतिनिधी सही कशावर करतो? 1987 चा कॅपिटेशन फी (बेकायदा देणगी) बंदीचा कायदा दाखवला, तर तो विद्यार्थ्यांच्या प्रवेशापुरता आहे म्हणे. शिक्षकाला नागवलं तर कुणालाच काही वाटत नाही!

एनओसीचं पत्र आणि बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची, याची नोंद) डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाच्या शब्दावर जाऊ नका. अनुदानित महाविद्यालय माहिती अधिकाराखाली येतं, मुलाखतीनंतर गुणपत्रक लगेच मागा. पैशाचा विषय निघाला आणि 'चेक नको' ऐकलंत, तर फाइल उचला आणि निघा. पावती कुणाच्या नावाची आहे ते वाचा, संस्था आणि ट्रस्ट एकच असं सांगतील तरी.

त्याच संस्थेची वाणिज्य आणि इतिहासाच्या जागांची जाहिरात येतेय. अर्ज भरण्याआधी मला विचारा, पावती दाखवतो.