१०८ रुग्णवाहिका सेवा : रस्त्यात थांबणाऱ्या माणसाच्या नजरेतून

महाराष्ट्रातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा मी आजवर एकदाच वापरली आहे, आणि तीही स्वतःसाठी किंवा घरच्या कोणासाठी नाही, तर रस्त्यावर पडलेल्या एका अनोळखी मुलासाठी. त्यामुळे प्रसूतीच्या वेळी किंवा हृदयविकाराच्या झटक्यात ही सेवा कशी चालते, याबद्दल मी काही सांगू शकत नाही. अपघाताच्या जागी थांबणाऱ्या परक्या माणसाला तिची कितपत सोबत होते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

तो देण्याआधी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. २०१२ च्या दिवाळीत आम्ही पुण्याहून कोल्हापूरला गाडीने निघालो होतो. मागच्या आसनावर आई आणि शेजारी पत्नी होती. कराडच्या अलीकडे दिवेलागणीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला एक दुचाकी आडवी पडलेली दिसली आणि तिच्यापासून दहा-बारा पावलांवर एक माणूस दिसला. तो एका कोपरावर रेलून उठण्याचा प्रयत्न करत होता. आमच्या दिव्यांचा झोत त्याच्या अंगावर पडला तेव्हा त्याने दुसरा हात वर केला. त्या हाताला जेवणाच्या डब्याची पिशवी अडकलेली होती, हे मला आजही स्पष्ट आठवते. आई म्हणाली, "थांब की रे, माणूस आहे तो." मी वेग कमी केला, आरशात पाहिले आणि पुन्हा वाढवला. मागून येणारे कोणीतरी थांबेल, आपल्या गाडीत जागा नाही, पोलीस विचारतील तुम्हीच ठोकरले का, आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे सगळे मी आईला कोल्हापूर येईपर्यंत समजावत राहिलो. ती एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सातारा जिल्ह्याच्या बातम्या मी तीन-तीनदा चाळल्या, पण त्या अपघाताची ओळसुद्धा नव्हती. तो माणूस वाचला की नाही, हे मला कळलेले नाही आणि आता कळण्याचा काही मार्गही उरलेला नाही. त्या रस्त्याने जाताना कराड जवळ आले की गाडीतले बोलणे आजही आपोआप थांबते.

त्या वेळी १०८ सेवा महाराष्ट्रात नव्हती. आंध्र प्रदेशात ती २००५ पासून होती. आपल्याकडे ती जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका आल्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत कृत्रिम श्वासयंत्रासह गंभीर रुग्णासाठी लागणारी साधने होती आणि ७०४ गाड्यांत प्राथमिक जीवरक्षणाची. पुण्याच्या औंध उरो रुग्णालयाच्या आवारातून सगळ्या राज्याचे नियंत्रण होऊ लागले आणि गाडीत डॉक्टर असण्याची पद्धत पडली. हे सगळे मी त्या काळात वाचले होते, १०८ हा आकडाही पाठ झाला होता. तरीही सेवेचे खरे मोल मला २०२३ च्या जुलैमध्ये कळले.

पुणे-नाशिक रस्त्यावर पहाटे पावणेसहाची वेळ होती आणि पावसाची भुरभुर चालू होती. दूध घालायला निघालेल्या एका मुलाची दुचाकी घसरली होती. वय असेल विसाच्या आतबाहेर. दोन्ही बाजूंचे कॅन उलटून दूध डांबरावरून उताराकडे वाहत होते आणि मुलाच्या मांडीखालून निघालेल्या रक्ताचा लाल ओघळ त्यात मिसळून पुढे जाऊन पसरत होता. पाच-सहा माणसे जमली होती. एक जण मोबाइलवर चित्रीकरण करत होता. दुसरा प्रत्येक नव्या येणाऱ्याला बजावत होता, "हात लावू नका, पोलीस केस आहे." मी त्यांना नावे ठेवणार नाही, कारण अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्याइतकाही थांबलो नव्हतो.

१०८ ला फोन लागला. पलीकडच्या ताईंनी आधी जिल्हा, तालुका आणि जवळचे गाव विचारले, मग किती माणसे जखमी आहेत, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का, रक्त वाहते आहे का, असे एकेक विचारत गेल्या. त्यांच्या प्रश्नांना क्रम होता आणि आवाजात घाई नव्हती. घाबरलेल्या माणसाला त्या क्रमाचा फार आधार वाटतो, हे मी अनुभवाने सांगतो. अडचण आली ती जागा सांगताना. गावाचे नाव मला माहीत नव्हते. तेव्हा त्यांनी रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड किंवा एखाद्या दुकानाची पाटी पाहायला सांगितली. समोरच्या खतांच्या दुकानावर गावाचे नाव होते, त्यावरून काम झाले. पाच मिनिटांच्या आत रुग्णवाहिकेतील डॉक्टरांचाच फोन आला. निघालो आहोत, असे सांगून त्यांनी काय करायचे आणि काय करायचे नाही हे समजावले. पाणी पाजायचे नाही. हेल्मेट ओढून काढायचे नाही. मान हलू द्यायची नाही. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरायचे, आणि कापड भिजले तर ते उचलून न पाहता त्यावरच दुसरे ठेवायचे.

कापड म्हणून पत्नीने आपली ओढणी दिली. मी गुडघ्यांवर बसून दाबून धरले. तळहाताखाली रक्ताचे ठोके लागत होते आणि दाब जरा सैल झाला की कापड गरम होत होते. "कोणीतरी गाड्या थांबवा" असे मी दोनदा ओरडलो, पण कोणी हलले नाही. मग चित्रीकरण करणाऱ्यालाच उद्देशून म्हणालो, "दादा, तुमच्या मोबाइलची बॅटरी लावा आणि वळणावर उभे राहून गाड्या हळू करा." तो लगेच गेला आणि शेवटपर्यंत तिथेच उभा राहिला. पोलीस केसची भीती घालणाऱ्या गृहस्थांनी न सांगता छत्री आणून मुलाच्या डोक्यावर धरली. या माणसांच्या मनात दुष्टावा नव्हता. काय करावे हे कोणी सांगितलेले नव्हते आणि आपण पुढे झालो तर आपल्यालाच निस्तरावे लागेल, हे मात्र लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेले होते.

गाडी बावीस मिनिटांनी आली. चालकाला या सेवेत पायलट म्हणतात. पायलट आणि डॉक्टर दोघेच होते. मानेला पट्टा, पाठीखाली फळी, मांडीवर दाबपट्टी, हाताला सलाइन, असे सगळे माझ्या अंदाजाने सात-आठ मिनिटांत झाले. एक रुपयाही कोणी मागितला नाही, कारण ही सेवा पूर्णपणे मोफत आहे. डॉक्टर मुलाशी सतत बोलत होते. त्याचे नाव, गावचे नाव, गोठ्यात म्हशी किती, असे विचारत होते. आधी मला वाटले, ते धीर देत आहेत. नंतर लक्षात आले की त्याची शुद्ध टिकून आहे का, हे ते त्यातून तपासत होते.

सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. तेवढ्यांसाठी ९३७ गाड्या घेऊन सुरू झालेली सेवा मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत महामार्गावरच्यासारखी पोहोचू शकणार नाही, हे नकाशा पाहूनही समजते. जागा अचूक सांगता न येणे ही दुसरी अडचण. मी आता लांबच्या प्रवासात दर थोड्या वेळाने गावाची पाटी वाचण्याची सवय लावून घेतली आहे.

मुलाचा मोबाइल माझ्याकडे राहिला होता, म्हणून मी मागोमाग रुग्णालयात गेलो. तिथे नोंदणीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने मला अडवले आणि नाव, पत्ता, आधार क्रमांक लिहून दिल्याशिवाय जाता येणार नाही, असे दरडावून सांगितले. त्या रुग्णालयाचे नाव मी इथे घेत नाही. पण ही वागणूक नियमाला धरून नव्हती, आणि नियम काय आहे हे प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला माहीत असावे असे मला कळकळीने वाटते. या नियमांमागे एक मृत्यू आहे. २००७ मध्ये दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी मुलगा अपघातात जखमी होऊन रस्त्यावर पडला आणि मदतीविना गेला. त्यानंतर तिवारींनी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली. संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत सुमारे ७४ टक्के लोकांनी आपण जखमीला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना भीती होती ती पोलीस आणि कोर्टकचेरीची. संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले आणि २०२० मध्ये त्याखालचे नियम निघाले. सद्भावनेने मदत करताना काही चूक झाली आणि त्यातून जखमीला इजा झाली किंवा मृत्यू आला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. तो स्वतःहून साक्षीदार व्हायला तयार झाला, तर त्याच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी, म्हणजे घरी किंवा कामाच्या जागी, जबाब घ्यायचा असतो आणि त्या वेळी तपास अधिकाऱ्याने साध्या वेशात यायचे असते. हे हक्क प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, दर्शनी भागात स्थानिक भाषेतही लावायचे असतात. मी त्या रुग्णालयात शोधून पाहिले. तो फलक मला कुठेही दिसला नाही.

जखमीला वेळेत पोहोचवणाऱ्यास केंद्र सरकार २०२१ पासून पाच हजार रुपये देत होते, २०२५ मध्ये ती रक्कम पंचवीस हजार झाली. पैशांसाठी का कोणी मदत करतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. रिक्षावाल्याचा किंवा टेम्पोवाल्याचा धंद्याचा दिवस जातो, गाडीतील रक्त धुवावे लागते, आणि त्याची भरपाई झाली तर पुढच्या वेळी तो थांबताना कचरणार नाही. जखमीच्या खर्चाचा घोरही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. २०२५ च्या योजनेनुसार नोंदणीकृत रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होतात.

२०१२ मध्ये आईला सांगितलेली कारणे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिली आहेत. पोलिसांच्या भीतीवर आज कायदा आहे, गाडीत जागा नसण्यावर १०८ आहे, आणि उपचार येत नसण्यावर फोनवर बोलणारे डॉक्टर आहेत. त्या यादीतले एकच कारण तसेच राहते, मागून येणारे कोणीतरी थांबेल हे. त्यावर कोणत्याही सरकारला सेवा सुरू करता येणार नाही, कारण १०८ ची गाडी तिथेच येते जिथून कोणीतरी फोन केलेला असतो.

मुलगा वाचला. मांडीचे हाड मोडले होते, पण आता तो पुन्हा दूध घालतो. त्याच्या वडिलांनी खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलेल्या माझ्या नंबरावर दसऱ्याला फोन केला होता. मी हे आईला सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले, मुलाचे नाव आणि गाव विचारले, आणि मग थोड्या वेळाने विचारले, "आणि कराडच्या अलीकडचा तो?"

गाडीत मागच्या आसनाखाली आता एक पेटी असते. तिच्यात जाड कापसाच्या गाद्या, रुंद पट्ट्या, हातमोजे आणि विजेरी आहे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. कोल्हापूरला निघायच्या आदल्या रात्री ती विजेरीचे सेल काढून पुन्हा बसवते, एकदा लावून बघते, आणि मगच पेटी बंद करते.