जुन्या के-22 रिव्हॉल्व्हरची मागची साइट बदलल्यानंतर: एक पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

स्मिथ अँड वेसनच्या के-22 मास्टरपीस या सहा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरची मोडलेली मागची साइट (नेम धरताना जिच्या खाचेतून पाहतात तो भाग) दुरुस्त करून घेतल्याला आता गोव्यातला एक अख्खा पावसाळा उलटून गेला आहे, आणि त्या कामाविषयी खात्रीने काही सांगावे इतका वापर झाला आहे. हे हत्यार आजोबांचे. ते बाबांकडे आणि पुढे वारस म्हणून रीतसर परवाना होऊन माझ्याकडे आले. त्याचा उपयोग केवळ रेंजवर, 25 मीटरवरच्या कागदी लक्ष्यासाठी होतो. कंपनीने 1957 मध्ये मॉडेलना आकडे दिले तेव्हा के-22 मास्टरपीसचे नाव मॉडेल 17 झाले. आमच्या रिव्हॉल्व्हरवर तो आकडा कोरलेला नाही, त्यामुळे ते त्या बदलाआधीचे आहे. सुटे भाग शोधताना ही एवढी गोष्ट आधी ठाऊक असणे फार उपयोगी पडते, त्याचे कारण पुढे येईलच.

मोडले होते ते दोन ठिकाणी. खाचेच्या पात्याचा डावा कान तुटला होता, आणि ते पाते डावीकडे-उजवीकडे सरकवणारा आडवा स्क्रू नटाजवळच तुटला होता. या साइटची रचना अशी: चौकटीच्या, म्हणजे हत्याराच्या सांगाड्याच्या, वरच्या खोबणीत एक लांब पोलादी पट्टी बसते, ती पुढच्या टोकाला एका स्क्रूने धरलेली असते, आणि मागच्या टोकाला उंची बदलणारा उभा स्क्रू व पाते सरकवणारा आडवा स्क्रू असतो. आडव्या स्क्रूच्या डोक्याखाली एक अगदी बारीक दट्ट्या आणि स्प्रिंग असते. क्लिकचा आवाज आणि पकड त्यांच्यामुळे मिळते. स्क्रूचे डावीकडचे टोक नटामध्ये ठोकून पसरवलेले असते. म्हणूनच पाते बदलायचे तर जुना स्क्रू बहुधा वाचत नाही, आणि नुसते पाते न घेता पाते, स्क्रू, नट, दट्ट्या आणि स्प्रिंग असा पूर्ण संचच घ्यावा लागतो.

संच मिळवणे हे खरे कष्टाचे काम ठरले. परदेशी दुकानातून टपालाने मागवावे, असे पुष्कळांच्या मनात येते. परंतु 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही शस्त्रांतच मोडतात आणि त्यांच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे ती वाट मी विचारातही घेतली नाही. दुरुस्तीचा व्यवसायही परवान्याखालीच चालतो. तेव्हा परवानाधारक विक्रेत्याकडे शब्द टाकून ठेवणे आणि जुन्या, मोडीत निघालेल्या हत्यारांतून भाग निघण्याची वाट पाहणे, एवढेच हाती उरते. शेजारच्या राज्यातल्या विक्रेत्याकडे हत्यार न्यायचे असेल तर आपला परवाना त्या राज्यात चालतो की नाही, हे आधी परवान्यावरच वाचून पाहावे. माझ्या सुदैवाने हत्यार गोव्याबाहेर न्यावे लागले नाही. भाग इकडे आला.

दरम्यान एका कारागिराने असे सुचवले होते की, एवढी यातायात करण्यापेक्षा पोलादाचे एक घट्ट पाते घडवून पट्टीला झाळून टाकावे. हत्यार नुसते जवळ बाळगायचे असते तर मी ते मान्य केले असते. परंतु लक्ष्यभेदासाठी .22 इंची गोळीचे हत्यार वापरणाऱ्याला गोळ्यांचा लॉट (कारखान्यातली एका वेळची खेप) बदलला की फटका, म्हणजे गोळी लागण्याची जागा, बदलल्याचे लगेच दिसते. रिव्हॉल्व्हर उडताना नळी वर उचलली जात असते, आणि मंद गोळी नळीत थोडा अधिक वेळ राहत असल्याने, कागदावर ती वेगवान गोळीपेक्षा वर लागलेली आढळते. अशा वेळी साइट हलवता आली नाही तर नेमबाजाला प्रत्येक लॉटसाठी नेमच बदलून धरावा लागतो, आणि ते मला मान्य नव्हते.

विक्रेत्याने पट्टीसह पूर्ण साइटही देऊ केली होती. ती दिसायला अधिक नवी होती, परंतु तिचे पुढचे टोक गोलाकार होते. 1990 च्या दशकात झालेल्या बदलानंतरच्या पट्ट्या तशा असतात. आमच्या चौकटीतली खोबण मात्र चौकोनी टोकाची आहे. गोल टोक त्या खोबणीत बसते, पण दोन्ही कोपऱ्यांत पोकळी राहते, आणि आपल्या दमट हवेत अशी पोकळी म्हणजे गंजाला आमंत्रणच. याच कंपनीच्या एन नावाच्या चौकटीच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरची पट्टी तर निराळीच असते. जुनी पट्टी सरळ आणि शाबूत असल्यामुळे ती कायम ठेवून तिच्यात फक्त पात्याचा संच बसवून घेतला, आणि माझ्या मते जुन्या हत्याराच्या बाबतीत हाच निर्णय शहाणपणाचा आहे. नटाला दोन भोके असतात आणि त्यासाठी दोन दातांचा पेचकस लागतो. कारागिराने तो स्वतः घडवलेला होता. स्प्रिंग उडून हरवू नये म्हणून त्यांनी सारी जुळणी एका पारदर्शक पिशवीत हात घालून केली, ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नवे पाते मूळच्यापेक्षा उंच निघाले. व्हर्नियरने मोजले तेव्हा फरक अर्धा मिलिमीटरहून थोडा जास्त, साधारण 0.6 मिलिमीटर, होता. दोन्ही साइटमधले अंतर सुमारे 190 मिलिमीटर धरले तर 25 मीटरवर एक सेंटिमीटरच्या फरकासाठी साइट 0.076 मिलिमीटर हलावी लागते. म्हणजे या पात्याने फटका आठेक सेंटिमीटर वर जायला हवा होता, आणि कागदावर जवळजवळ तेवढाच गेला. उभा स्क्रू खाली घेऊन तो आटोक्यात आला, परंतु आता खाली घ्यायला फारशी जागा उरलेली नाही. निवड असेल तर मूळ पात्याच्या मापाचे किंवा त्याहून किंचित बुटके पाते घ्यावे, कारण बुटके पाते स्क्रूने उचलता येते. उंच पाते मात्र शेवटी कानशीने घासूनच खाली आणावे लागते.

नेम धरण्याच्या दृष्टीने खाच किंचित रुंद आहे आणि ती मला आवडली. पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या स्वच्छ फटी दिसतात, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्याचा आधार वाटतो. काळ्या वर्तुळाच्या बुडाशी नेम धरला की फटक्यांचा गट मध्याभोवती, बहुतेक वेळा 50 मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळाच्या आसपास राहतो. जे फटके बाहेर जातात ते हाताचे असतात. दुपारच्या उन्हात नव्या पात्याच्या काळसर लेपावर चकाकी येते. त्यावर जुना उपाय म्हणून कापराच्या ज्योतीची काजळी धरतो. रेंजवरून परतल्यावर मात्र ती पुसून तेल लावणे चुकवू नये, कारण काजळी ओल धरून ठेवते.

आडव्या समायोजनात थोडी ढील आहे. स्क्रू उलट दिशेने फिरवला की पहिली क्लिक ऐकू येते, पण पाते हलत नाही. यासाठी मी नेहमी हव्या त्या जागेच्या पुढे दोन क्लिक जातो आणि एकाच बाजूने परत येतो. तसे केल्यापासून लॉट बदलून पुन्हा मूळ लॉटवर आल्यावर फटका जागेवर मिळतो. माझ्या मोजणीत 25 मीटरवर एका क्लिकला साधारण एक सेंटिमीटर फरक पडतो.

पावसाळ्याची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती. मृगापासून चतुर्थीपर्यंत किनारपट्टीतल्या घरात पोलाद कोरडे राहतच नाही. पट्टीच्या वरच्या बाजूला काही झाले नाही, पण पुढचा स्क्रू सैल करून खालून पाहिले तेव्हा खोबणीत तांबूस झाक धरू लागली होती. आता तिथे पातळ ग्रीसचा हात देतो, स्क्रूला मंद प्रतीचे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावतो, आणि रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात न ठेवता सिलिका जेलसह कपाटात ठेवतो. निवडणुकीच्या काळात हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागले तर नेण्याआधी हीच काळजी घ्यावी. अर्थात कोणतेही काम करण्याआधी सिलिंडर उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे डोळ्यांनी पाहावे.

नटामध्ये पसरवलेले स्क्रूचे टोक अजून हललेले नाही. उजवीकडे फिरवताना क्लिक मात्र सुरुवातीपेक्षा मऊ लागू लागली आहे. दट्ट्याची स्प्रिंग जुन्या हत्यारातूनच आलेली असल्यामुळे ती थकली असावी, आणि दुसरी मिळाल्यास ठेवून द्यावी, असे विक्रेत्याला सांगून ठेवले आहे.