चार्ल्स्टनमध्ये राहायचं तर जुनं सिंगल हाऊस की पुलापलीकडचं नवं घर?

नोकरीनिमित्त अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला यायचं ठरलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न हाच असतो, जुन्या गावात राहू की कूपर नदीवरचा पूल ओलांडून माउंट प्लेझंटला नवं घर बघू. मी दोन्हीकडे राहिलोय. आधी तीन वर्षं नव्या घरात आणि आता चौथं वर्ष जुन्या सिंगल हाऊसच्या (इथल्या जुन्या धाटणीचं अरुंद, लांबट घर) वरच्या मजल्यावर, दोन्ही भाड्याने, त्यामुळे विकत घेणाऱ्यांनी माझं जरा जपूनच ऐका. भाडी, शाळा, स्क्वेअर फूट हे सगळं तुम्ही झिलो या घरांच्या वेबसाइटवर बघितलंच असेल, ते सोडून बोलतो.

नवं घर सोयीचं आहे यात वाद नाही. एक मजलाभर उचललेलं, खाली गाडी आणि वर माणसं, डबल काचेच्या खिडक्या, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास नाही. दिसायलाही चार्ल्स्टनचंच, पांढरे खांब, शटर्स, पोर्चच्या छताला तो फिकट निळा रंग (हा मुळात इथल्या गल्ला समाजाचा, म्हणजे गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या वंशजांचा, भूतबाधा घरापासून लांब राहावी म्हणून देतात). शटर्स भिंतीला स्क्रूने पक्की केलेली, मिटतच नाहीत, तेही मी चालवून घेतलं असतं.

पोर्चचं मात्र नाही चालवता आलं. रस्ता उत्तरेला म्हणून पोर्चही उत्तरेला, रुंदी जेमतेम 5 फूट, दोन खुर्च्या समोरासमोर टाकल्या की गुडघे भिडायचे. इथे उन्हाळ्यात संध्याकाळी वारा येतो तो दक्षिणेकडून, नैर्ऋत्येकडून, आणि तो अडवायला मध्ये आमचंच घर उभं. बाजूला शेजाऱ्यांच्या एसीचं मशीन दिवसभर घरघरतंय आणि त्यांची खिडकी थेट आमच्या खुर्चीवर. पहिल्या उन्हाळ्यात आई आली होती, एका संध्याकाळी घेवड्याच्या शेंगा निवडायला ताट घेऊन बाहेर बसली आणि दहा मिनिटांत घामाघूम होऊन आत आली. म्हणाली, "अरे, वाराच लागत नसेल तर ही पडवी बांधली कशाला?" मला खरंच उत्तर देता आलं नाही, आणि त्यानंतर त्या पोर्चवर कोणी बसलंच नाही.

आता जुनं सिंगल हाऊस बघा. रस्त्याकडे घराची अरुंद बाजू, एका खोलीएवढीच रुंदी, घर आत लांब गेलेलं. रस्त्यावरचं दार उघडलं की तुम्ही घरात जात नाही, पिआझ्झावर येता, म्हणजे घराच्या अख्ख्या लांबीला लागून असलेली पडवी, आणि ती दक्षिणेला किंवा पश्चिमेला, रस्ता कुठेही असो. घराचं खरं दार पिआझ्झाच्या मध्यावर, त्यातून आत गेलं की समोर जिना आणि दोन्ही बाजूंना एकेक खोली, त्यामुळे वारा आरपार जातो. सगळ्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे शेजाऱ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला खिडक्या कमी ठेवायची जुनी रीत, कारण ती भिंत तुमच्या पिआझ्झाकडे बघते. आमचा पिआझ्झा 10 फूट रुंद आहे. आई दुसऱ्यांदा आली तेव्हा सकाळचा चहा, भाजी निवडणं, दुपारची डुलकी सगळं तिथेच, अगदी जुलैतही, पंखा लावून.

त्रास आहेत, लपवत नाही. भरती 7 फुटांवर जाणार असा इशारा हवामान खात्याने दिला की खोलगट रस्त्यांवर पाणी येतं, पाऊस नसला तरी येतं, कारण गावाचा बराच भाग खाड्या बुजवून त्यावर उभा आहे, सिटी मार्केटसुद्धा. जुनी घरं जोत्यावर असल्यामुळे बऱ्याचदा माणसं कोरडी राहतात पण गाडी राहत नाही, मी भरतीचं वेळापत्रक बघून गाडी हलवतो. घरातली जमीन कलती आहे, आमच्या दोन खिडक्या पावसाळी हवेत फुगून बसतात. विकत घेणार असाल तर रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडक्याही परवानगीशिवाय बदलता येत नाहीत, 1931 पासून इथे तसा कायदा आहे, अमेरिकेतला अशा प्रकारचा पहिला. 31 ऑगस्ट 1886 च्या भूकंपानंतर भिंती सावरायला आरपार घातलेल्या लोखंडी सळ्यांच्या चकत्या आमच्या भिंतीवर अजून आहेत, त्यांचा आज कितपत उपयोग आहे हे मात्र इंजिनिअरकडूनच तपासून घ्या.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे जुन्या घराचं नुसतं कौतुक करून मला थांबता येत नाही. मागच्या अंगणातल्या भिंतीत एका विटेवर दोन बोटांचे ठसे आहेत, ओल्या मातीत उमटलेले, आणि लहान आहेत, मुलाचे असावेत. इथल्या जुन्या विटा गुलामांनी पाडल्या, त्यांत मुलंही होती. मी आल्यागेल्याला आधी ती वीट दाखवतो, मग पिआझ्झा.

नवं बांधकाम म्हणजे वाईटच असं माझं अजिबात म्हणणं नाही. 2023 साली गॅड्सडेन्स व्हार्फवर, जिथे गुलामांची जहाजं लागायची तिथेच, आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडलं, एकदा जरूर जा. 18 खांबांवर जमिनीपासून 13 फूट उचललेली लांबलचक इमारत, वर एकही नकली जुना खांब नाही, पण खाली सावली आहे, पाण्यावरचा वारा सरळ आत येतो. इथली हवा आणि पाणी ओळखून बांधलंय. असं नवं घर कोणी भाड्याने देत असेल तर मी उद्या सामान हलवेन.

तान्हं मूल असेल किंवा पुराच्या विम्याचा आकडा झेपणारा नसेल तर नवंच घ्या, निदान आधी एलेव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घर पुराच्या पातळीच्या मानाने किती उंचीवर आहे त्याचा दाखला, मागून बघा. बाकीच्यांनी जुनं बघायला जाताना मोठ्या भरतीची वेळ साधून जा, रस्ता स्वतः बघा. नवं बघायचं तर जुलैत संध्याकाळी पाच वाजता जा आणि एजंट आत किचन दाखवत असेल तेव्हा पोर्चवर दहा मिनिटं नुसते बसा. आमचं लीज मार्चमध्ये संपत होतं, आम्ही अजून दोन वर्षांचं केलंय.