कॅसेटवरून डिस्कवर: डोंगल, कॅमेरा की डीव्हीडी रेकॉर्डर?

घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट डिस्कवर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी यूएसबी डोंगल, म्हणजे व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं छोटं यंत्र, शोधायला लागतात. माझा आग्रह आहे की आधी प्लेअर बघा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आता हाताला लागणारा व्हीसीआर वापरलेला, नाहीतर वर्षानुवर्षं पडून राहिलेला असणार. त्याचे हेड, म्हणजे टेप वाचणारे भाग, मळलेले असतील, रबरी रोलर कडक झाला असेल, तर पुढे कितीही चांगलं यंत्र जोडा, चित्र खराबच येणार. एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) व्हीसीआर मिळत असेल तर सोडू नका. त्याच्या एस-व्हिडिओ पोर्टमधून चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी बाहेर पडतात, त्यामुळे साधी व्हीएचएस कॅसेटसुद्धा जरा स्वच्छ दिसते.

कॅसेट आत सारण्याआधी तिच्याकडेही नीट बघा. कडेचं छोटं बटण दाबून पुढची झडप उचला, टेप कुठे चुरगळली आहे का ते पाहा. मग वरच्या खिडकीतून गुंडाळीची कड बघा. ती काळी आणि गुळगुळीत हवी. पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या धडधाकट कॅसेटवर जाते. अशा कॅसेट साफ करायचं काम रोज करणाऱ्यांकडेच द्याव्यात. बाहेर काम देण्याचं एवढं एकच कारण मला पूर्ण पटतं. कड स्वच्छ असेल तर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पळवून परत मागे गुंडाळा, म्हणजे टेपचा ताण सगळीकडे सारखा होतो.

आता यंत्रं. कॅसेट मिनीडीव्ही (कॅमेऱ्याची छोटी डिजिटल कॅसेट) असेल तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही. त्यावरचं चित्र मुळातच डिजिटल आहे. कॅमेऱ्यातून फायरवायर तारेने (डिजिटल व्हिडिओ संगणकात नेणारी जोडणी) ते जसंच्या तसं संगणकात घ्यायचं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी डोंगलमध्ये घेतलंत तर डिजिटलचं अॅनालॉग आणि पुन्हा डिजिटल होतं, आणि दोन्ही वेळा नुकसान आपलंच.

खरी निवड व्हीएचएस आणि हाय-८ (कॅमेऱ्याची जुनी अॅनालॉग कॅसेट) वाल्यांना करायची आहे. डोंगल स्वस्त, कुठल्याही लॅपटॉपला जोडता येणारा. पण बाहेरून सारखे दिसणाऱ्या दोन डोंगलमध्ये आतली चिप वेगळी असू शकते, आणि चित्राचा दर्जा त्या चिपवर ठरतो. सोबत येणारं सॉफ्टवेअर बहुधा चित्र लगेच दाबून, म्हणजे तपशील गाळून छोटं करून, एमपीईजी-२ किंवा एच.२६४ करून टाकतं. ते बाजूला ठेवा आणि व्हर्च्युअलडबसारख्या प्रोग्रॅममधून हफवाययूव्ही या लॉसलेस कोडेकने, म्हणजे काहीही न गाळता साठवणाऱ्या पद्धतीने, कॅप्चर करा. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, पण एकही बारकावा वाया जात नाही.

डोंगलचा खरा त्रास दुसराच आहे. जुन्या टेपवर प्रत्येक ओळीची वेळ किंचित मागेपुढे होते. टीव्ही ते सांभाळून घेतो, डोंगल घेत नाही. उभ्या रेषा, म्हणजे दाराची चौकट वगैरे, थरथरताना दिसतात. मधेच फ्रेम गळतात आणि तासाभराने ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. काही डोंगलना तर हा डळमळीत सिग्नल कॉपी-बंदीचा वाटतो आणि ते रेकॉर्डिंगच थांबवतात.

इथे डिजिटल-८ (हाय-८ सारख्याच कॅसेटवर डिजिटल चित्र घेणारा) किंवा मिनीडीव्ही कॅमेरा उजवा ठरतो. काही मॉडेलना व्हीसीआर जोडता येतो. कॅमेरा आलेलं चित्र तिथल्या तिथे डीव्हीत, म्हणजे मिनीडीव्हीच्याच डिजिटल रूपात, बदलून फायरवायरने पुढे पाठवतो. चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात बांधलेले असल्याने ताळमेळ सहसा सुटत नाही. तासाला सुमारे १३ जीबी लागतात. डीव्हीमध्ये रंगाची माहिती कमी होते, ही तक्रार तांत्रिकदृष्ट्या खरी आहे. पण व्हीएचएसवर रंगाचा तपशील आधीच इतका तुटपुंजा असतो की मला ती गौण वाटते. बरेच डिजिटल-८ कॅमेरे हाय-८ कॅसेट स्वतःच वाजवतात, मग व्हीसीआर शोधायची दगदगही वाचते. अडचण एवढीच की हल्लीच्या लॅपटॉपला फायरवायर पोर्ट नसतो. डेस्कटॉपला कार्ड बसवावं लागतं, आणि कॅमेऱ्यात बाहेरचा सिग्नल घ्यायची सोय आहे का, हे माहितीपुस्तिकेत आधी बघावं लागतं.

डीव्हीडी रेकॉर्डरला संगणकच लागत नाही. तारा जोडा, बटण दाबा, शेवटी डिस्क फायनलाइज करा, म्हणजे ती इतर प्लेअरवरही चालेल. कॅसेटचा ढीग मोठा असेल आणि काटछाट करायची नसेल तर सोपं पडतं. पण हातात येते ती फक्त दाबलेली एमपीईजी-२ प्रत, मूळ म्हणून जपावी अशी नव्हे. मला त्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. काही रेकॉर्डर आतून जाणारा सिग्नल स्थिर करतात. असा रेकॉर्डर व्हीसीआर आणि डोंगलच्या मधे ठेवला तर डोंगलची थरथर आणि फ्रेम गळणं बरंच कमी होतं.

मला विचाराल तर: चालणारा कॅमेरा आणि फायरवायर दोन्ही घरात असतील तर दुसरीकडे बघू नका. ते नसेल तर डोंगल, आणि शक्य झाल्यास मधे रेकॉर्डर. एक लक्षात घ्या, यातला कोणताही मार्ग वेळ वाचवत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच चालणार.

डिस्कचा हिशेबही आधीच करून ठेवा. एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. दोन तास भरले तर सेकंदाला जेमतेम ५ मेगाबिट वाट्याला येतात, आणि व्हीएचएसची खरखर त्यातलाच मोठा घास घेते. तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कवर बसवायची असेल तर पाल (भारतातली टीव्ही पद्धत) चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांऐवजी ३५२ × ५७६ ठेवा. डीव्हीडीच्या मानकात हे बसतं. व्हीएचएसचा आडवा तपशील जेमतेम २४० ओळींचा, त्यामुळे फारसं काही हरवत नाही. डिस्कसाठी चित्र इंटरलेस्डच, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या ओळी दोन हप्त्यांत दाखवणारं, राहू द्या. फोनवर बघायच्या प्रतीसाठी मात्र डीइंटरलेस करा, म्हणजे प्रत्येक हप्त्याची पूर्ण फ्रेम बनवा, आणि सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम ठेवा, हालचाल मूळ टेपसारखी सलग दिसते.

डिस्क ही बघायची प्रत समजा. कॅप्चर केलेली मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर हवी, कारण नव्या संगणकांत डिस्क ड्राइव्ह मिळेनासा झाला आहे आणि लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगद्रव्याचा थर काळाने खराब होतो. बर्न करण्याआधी प्रत्येक फाइलची शेवटची पाच मिनिटं बघा, जिथे कुणीतरी कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतंय तिथे. तिथे ओठ आणि आवाज जुळले असतील तरच बर्न करा.