आधी वर्गणी, मग गेम: किकस्टार्टरवरची अकरा वर्षं

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार, संध्याकाळचे साडेसात. अनंत चतुर्दशीला दोन दिवस राहिलेले. साखर पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या पोरांची लेझीम रंगात आलेली, आणि मी नि माझा भाचा दार लावून संगणकासमोर बसलेलो. 'सिल्कसाँग' नावाचा व्हिडिओ गेम येणार होता. जगभरातून एवढी झुंबड उडाली की ऑनलाइन दुकानं काही वेळ बंदच पडली. भाचा दर दोन मिनिटांनी विचारायचा, "आत्या, कधी येलालाय गं?" मला तो विकत घ्यायचाच नव्हता. माझे पैसे २०१४ च्या डिसेंबरात भरून झाले होते.

ते भरले होते याच चमूच्या आधीच्या 'हॉलो नाइट' या गेमसाठी. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरी नावाच्या अगदी छोट्या चमूने किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू तयार व्हायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करायच्या संकेतस्थळावर, ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले होते. साधारण २,१५० लोकांनी मिळून ५७,००० च्या वर दिले. त्या लोकांत सोलापूरची मी एक. चादरीच्या कारखान्यात मी डिझाइन काढते. आप्पा जाकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करायचे, मी ग्राफ पेपरवर चौकोन भरत शिकले, आता तेच काम पडद्यावर करते. चादरीत धाग्याचे रंग मोजके असतात, तेवढ्यातच मोर उठून दिसला पाहिजे. त्या मोहिमेच्या व्हिडिओत काळोख, एक पांढरा मुखवटा आणि थोडा निळसर उजेड एवढ्यावर सगळं जग उभं केलेलं दिसलं आणि मी त्याच रात्री पैसे लावले.

गेम आला २४ फेब्रुवारी २०१७ ला. मोहिमेत ठरल्यापेक्षा जास्त पैसे जमले तर आणखी एक खेळता येणारं पात्र देऊ, असं त्यांनी म्हटलं होतं. ते पात्र म्हणजे हॉर्नेट. काम वाढत गेलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा आता स्वतंत्र गेम होतोय, नाव 'सिल्कसाँग', आणि किकस्टार्टरच्या जुन्या लोकांना तो फुकट मिळेल. त्यानंतर साडेसहा वर्षं. मधल्या काळात आप्पा गेले, कारखान्यातले निम्मे जुने माग भंगारात गेले, भाचा दुसरीतून आठवीत आला. आणि त्या गुरुवारी खरोखरच गेम उघडायची चावी, म्हणजे कोड, आली. एका पात्राचा शब्द दिला होता आणि त्यांनी अख्खा गेम हातात ठेवला. किकस्टार्टरबद्दल माझं मत चांगलं आहे ते मुख्यतः या एका अनुभवावर, हे आधीच सांगून टाकते.

आता ज्यांनी तिथे कधी पैसे लावलेले नाहीत त्यांच्यासाठी. ही सेवा २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. करणारा माणूस किती पैसे हवेत आणि किती दिवसांत हवेत ते सांगतो. साठ दिवसांपेक्षा जास्त मुदत मिळत नाही. तेवढे जमले तरच सगळ्यांच्या कार्डावरून पैसे कापले जातात, एका रुपयाने कमी पडले तर कुणाचाच पैसा जात नाही. जमलेल्या रकमेतले पाच टक्के किकस्टार्टर घेतं, कार्डाचा खर्च वेगळा. आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी देताना कुणी "मूर्ती आवडली नाही तर पैसे परत का?" असं विचारत नाही. इथेही तीच समज ठेवावी लागते. हे दुकान नाही. गेम मिळेलच याची हमी किकस्टार्टर देत नाही, ते तसं स्पष्ट लिहितातही.

ही समज मला पटायला १,४०० रुपये लागले. २०१६ मध्ये एका गेमला दिले. गाव वसवायचं, शेती करायची, नदीला पूर आला की पुन्हा उभं राहायचं, अशी कल्पना होती. उजनीचं पाणी आणि दुष्काळ दोन्ही बघत वाढलेल्या माणसाला ती भावणारच. नाव सांगत नाही. पैसे जमले. आधी दर महिन्याला पत्र यायचं, मग तीन महिन्यांनी, २०१९ नंतर एकही नाही. मला पैशांपेक्षा त्या गप्प बसण्याचा राग आला, अजून आहे. काम जमलं नाही असं एक ओळ लिहून कळवता येतं. आमच्या धंद्यात एखादा लॉट बिघडला तर मालक व्यापाऱ्याला फोन तरी करतोच.

नंतर मी ती मोहीम पुन्हा उघडून नीट वाचली. सगळी चित्रंच होती, सुंदर चित्रं, पण हलता-चालता खेळ दहा सेकंदांचाही नव्हता. मागितलेले पैसे थोडे आणि वचनं ढीगभर. व्यापारी सॅम्पल बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देत नाही, मी मात्र दिली होती. तेव्हापासून मी एकच बघते: आज, या क्षणी, यांच्याकडे चालणारं काय आहे? २०१२ च्या 'एफटीएल'कडे बघा. दोन जणांनी १०,००० डॉलर मागितले, तेही बऱ्यापैकी तयार असलेला गेम पुरा करायला. दोन लाख मिळाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गेम लोकांच्या हातात. त्याच वर्षी डबल फाइन या नावाजलेल्या कंपनीने चार लाख मागितले, मिळाले तेहेतीस लाखांच्या वर, ८७,००० हून जास्त लोकांकडून. तेव्हा त्यांच्याकडे गेम नव्हता, नुसतं नाव होतं. पैसा वाढला तसा आवाका वाढला, आणि तो गेम, 'ब्रोकन एज', शेवटी दोन तुकड्यांत आला, पहिला जानेवारी २०१४ ला, दुसरा एप्रिल २०१५ ला. आला हे महत्त्वाचं. पण भरपूर पैसा म्हणजे काम लवकर, असं अजिबात नसतं.

आपल्याकडून पैसे भरताना एक अडचण ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. आणि किकस्टार्टर पैसे कापतं ते मोहीम संपल्यावर, म्हणजे तुम्ही विसरून गेल्यावर. २०२२ मध्ये माझ्या कार्डाला नकार आला तो असाच. चुकलेलं कार्ड सुधारायला काही दिवस मिळतात, मी बँकेच्या शाखेत दोन खेपा घालून ते करून घेतलं. डॉलरच्या दरावर बँक आपला आकार लावते आणि त्या आकारावर जीएसटी, तोही धरून चाला. छापील पुस्तक, बाहुली, टोपी असल्या बक्षिसांच्या वाटेला मी जात नाही. टपाल आणि आयात शुल्क मिळून वस्तूपेक्षा महाग पडतं. नुसती डिजिटल प्रत घ्यायची.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. भारतातून पैसे देता येतात, थेट मागता येत नाहीत. मोहीम सुरू करता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यातूनही पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' या गेमसाठी २०१७ मध्ये तिथे मोहीम केली ती पार पडली नाही. मीही पैसे लावले होते. लक्ष्य गाठलं नाही म्हणून माझ्या कार्डावरून काहीच कापलं गेलं नाही, आणि पैसे न गेल्याचं दुःख मला आयुष्यात तेवढं एकदाच झालं. भावाला शोधत असुरांशी लढणारी मुलगी, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट, राजस्थानी किल्ल्यांसारखे सज्जे आणि कमानी. आपल्याकडचं काम होतं ते. त्यांनी हात टेकले नाहीत. २०२० मध्ये गेम आला, त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळालं. मी पूर्ण किमतीला घेतला आणि एका रविवारी, जेवण विसरून, संपवला.

हे लिहिताना, ऑक्टोबर २०२५ मध्ये, वाट बघणं चालू आहे ते 'मिना द हॉलोवर' या गेमचं. २०२२ ला ज्याच्यासाठी बँकेत खेपा घातल्या तो हाच. 'शॉवेल नाइट' हा गेम करणाऱ्या यॉट क्लब या कंपनीने साधारण ३ लाख ११ हजार डॉलर मागितले होते, १२ लाखांवर जमले. चाबूक घेतलेली एक उंदीर मुलगी, जमिनीत बुडी मारून पलीकडे निघते. सगळं गेम बॉय कलर या जुन्या, हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या खेळांसारखं, मोठ्या चौकोनांचं आणि थोड्या रंगांचं. ३१ ऑक्टोबरची तारीख होती, या महिन्याच्या सुरुवातीला पुढे ढकलली. राग आला नाही, कारण ऑगस्टमधला डेमो मी दोनदा खेळले आहे. तिची बुडी मारून वर यायची ती उडी बोटांना इतकी बरोबर लागते की थोडं थांबायला माझी काही हरकत नाही.

भाचा डेमो बघून आप्पांचे उरलेले ग्राफ पेपर मागून घेऊन गेलाय. सोळा बाय सोळा चौकोनांत सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजाची काठी पेलणारा माणूस बसवतोय. खांद्यावरचं वजन दिसलं पाहिजे म्हणून गुडघा तीनदा खोडून काढला. किकस्टार्टरवर टाकू का म्हणून विचारत होता, तेव्हा देशांची ती यादी दाखवली. थोडा हिरमुसला. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेपर्यंत पहिला टप्पा खेळण्याजोगा करतो म्हणालाय. मी दोनशे रुपये आत्ताच देऊन ठेवलेत.