सोलापुरातून समुद्रविज्ञान: टबातला कोर्स, मोबाईलवरचा की रत्नागिरीचा?

बीएस्सीच्या पोराने समुद्रविज्ञानाचा कोर्स घेतो म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘आपल्याकडं कुठं आलाय समुद्र?’ प्रश्न रास्त आहे. पण समुद्राच्या लाटांचा अंदाज, मासळी कुठे लागेल याची सूचना आणि २००७पासून त्सुनामीचा इशारा देणारी इन्कॉइस ही राष्ट्रीय संस्था हैदराबादला आहे. तिथेही सागर आहेत ते हुसेनसागरासारखे तलावच. त्यामुळे किनारा किती किलोमीटरवर आहे, यावर कोर्स निवडू नका. मोजमापाचं उपकरण कुणाच्या हातात असणार आहे, ते आधी विचारा.

सोलापूरच्या विद्यार्थ्यापुढे साधारण तीन वाटा असतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत टब-टाकी घेऊन केलेला प्रात्यक्षिकांचा कोर्स, स्वयम् किंवा एनपीटीईएल या सरकारी शिक्षण-मंचांवरचा ऑनलाइन कोर्स, आणि कोकणातलं चार-पाच दिवसांचं क्षेत्रशिबिर. तिन्हींच्या माहितीपत्रकात ‘प्रत्यक्ष अनुभव’ हे शब्द असतात. त्यांवर जाऊ नका.

टबातल्या कोर्सला नावं ठेवणारे बरेच भेटतील. माझं मत उलट आहे, पहिला कोर्स हाच असावा. दूधसंकलन केंद्रावर ज्याने दुधाची ‘डिग्री’ बघतात तो लॅक्टोमीटर घ्या. ९६५ ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं की खारटपणा सरासरी समुद्राइतका होतो. त्यात लॅक्टोमीटर सोडला की तो पंचविशीच्या आसपास थांबतो, कारण समुद्राच्या पाण्याची घनता साध्या पाण्याहून साधारण अडीच टक्क्यांनी, म्हणजे हजारात पंचवीसने, जास्त असते आणि लॅक्टोमीटरची एक रेघ म्हणजे हजारात एक. इथवर कुणीही करतं. खरी गंमत पुढे आहे. तेच द्रावण झाकून ठेवा आणि डिसेंबरच्या सकाळी २० अंशांना वाचा, मग एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांना वाचा. चार-पाच रेघांचा फरक पडतो, आणि मीठ तर चिमूटभरही कमी झालेलं नसतं. नुसत्या तापमानाने पाणी हलकं होतं. अरबी समुद्राचा वरचा थर आणि बंगालच्या उपसागराचा वरचा थर यांच्या खारटपणात ढोबळमानाने किलोमागे चार ग्रॅमचा फरक धरला, तर तो लॅक्टोमीटरवर जेमतेम तीन रेघांचा. म्हणजे तापमान न नोंदवता घेतलेलं वाचन फेकून द्यायच्या लायकीचं. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि परीक्षा झाली की विसरली जाते. उन्हाने ज्याच्या वाचनाची वाट लागली, तो विसरत नाही. एवढ्यापुरता तरी सोलापूरचा उन्हाळा कामाचा.

दुसरा प्रयोग काचेच्या लांबट टाकीचा. मध्ये पत्रा बसवायचा, एका बाजूला लाल रंगाचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला निळं गोडं, आणि पत्रा हळूच वर ओढायचा. लाल पाणी तळाने पुढे सरकतं, निळं वरून उलट्या दिशेने येतं. १६८०च्या सुमारास लुईजी मार्सिली या इटालियन माणसाने इस्तंबूलच्या बॉस्फरस सामुद्रधुनीतला तळाचा उलटा प्रवाह अशाच टाकीने समजावून दिला होता. थर स्थिर झाले की एका टोकाने हेअर ड्रायरने वारा घाला. वरचं पाणी समोरच्या टोकाला जमतं आणि ड्रायरच्या बाजूला लाल थर चढत वर येतो. पृष्ठभाग मात्र सपाटच दिसतो. वारा बंद केला की आतली सीमा संथपणे हेलकावे खात राहते. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर येतं आणि त्यावर तारलीसारखी मासळी पोसते, त्याची थोडी कल्पना इथे येते.

थोडीच, कारण टबाचं मोठं उणं इथेच आहे. खऱ्या समुद्रात पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रवाह वाऱ्याच्या सरळ रेषेत न जाता उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो, आणि टबात हा परिणाम इतका क्षीण असतो की दिसतच नाही. मोरीतलं पाणी गोल फिरतं ते पृथ्वीमुळे, असं कुणी शिकवत असेल तर त्या कोर्सला लांबूनच नमस्कार करा. फिरत्या चकतीवर ठेवलेली टाकी असेल तर उत्तम. नसेल तर निदान ‘हे आपल्याकडे दिसणार नाही’ असं वर्गात स्पष्ट सांगितलं जावं.

टबाच्या कोर्सला तलावाची जोड असली तर सोन्याहून पिवळं. पांढऱ्या-काळ्या रंगात रंगवलेली, २० सेंटिमीटर व्यासाची थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. ही सेकी तबकडी; ही पद्धत १८६५पासून वापरात आहे. हिप्परग्याच्या तलावावर ती चालते. कंबर तलावात जलपर्णी असेल तर ती बुडायच्या आधीच दिसेनाशी होईल, तीही एक नोंदच. नावेत जायचं तर लाइफ जॅकेट घालूनच.

आता ऑनलाइन. क्रेडिट पदरात पाडायचं असेल तर यासारखी सोय नाही. एनपीटीईएलवर शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला गेली काही वर्षं हजार रुपये पडतात. २५ गुण असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. पास व्हायला अनुक्रमे १० आणि ३० लागतात. शिकवणारे जाणकार असतात, गणित नीट येतं, पृथ्वीच्या फिरण्याचा जो भाग टबात हुकतो तो इथे व्यवस्थित भेटतो. पण बारा आठवडे व्हिडिओ बघून एकही थर्मामीटर हातात न घेता ‘मी समुद्रविज्ञान केलं’ म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

यावर एक उतारा आहे. जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाचे सुमारे ४,००० तरंगक सोडलेले आहेत. ते हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, साधारण दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतात आणि वर येता येता तापमान व खारटपणा मोजत येतात. ही सगळी आकडेवारी फुकट मिळते. एक तरंगक अरबी समुद्रातला आणि एक उपसागरातला घ्या, दोघांचे आलेख शेजारी शेजारी काढा. उपसागराचा वरचा थर गोडसर दिसेल, कारण गंगा-ब्रह्मपुत्रेपासून कृष्णेपर्यंतच्या नद्या तिकडे रिकाम्या होतात. आपली भीमाही कृष्णेला मिळून तिकडेच जाते. अरबी समुद्र आपल्याला जवळचा, पण पंढरपूरचं पाणी त्याच्या वाट्याला येत नाही. हा आलेख स्वतः काढायला लावणारा ऑनलाइन कोर्स असेल तर माझी तक्रार नाही. नुसते बहुपर्यायी प्रश्न असतील तर क्रेडिटपुरता घ्या.

शिबिराचं काय? रत्नागिरीला जायचं म्हणजे सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा. येण्या-जाण्यातच दोन दिवस जातात आणि खर्च तिन्हींत सर्वांत जास्त. म्हणून शिबिराची विषयपत्रिका मागून घ्या. मत्स्यालय, किल्ला, आंबापोळी, परत, असं दिसलं तर ती सहल आहे. सहलीला जरूर जा, पण कोर्सची फी भरून नको. धक्क्यावर खुणांची काठी बांधून सलग बारा-तेरा तास भरती-ओहोटी मोजायची, दोन काठ्या आणि दोरी घेऊन क्षितिजाच्या रेषेवरून पुळणीचा उतार काढायचा, भाट्याच्या खाडीत मुखापासून काजळी नदीत वर सरकत जागोजाग लॅक्टोमीटर बुडवायचा, असं काही असेल तर ते शिबिर पैसे वसूल करून देतं.

तारखा तिथी बघून ठरवलेल्या असाव्यात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान. दोन्ही बघायचं तर एक फेरी पुरत नाही, म्हणून निदान उधाण धरा. मुंबईकडचे कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पंधरावी तिथी म्हणजे सव्वाअकरा, रोज पुढे पाऊण तास. हा हिशोब घेऊन जा आणि काठीवरच्या नोंदींशी ताडून बघा. रत्नागिरीला वेळ थोडी वेगळी निघते, ती का निघते यावर एक संध्याकाळ सहज जाते. जून-जुलैत मात्र जाऊ नका. समुद्र खवळलेला असतो, मासेमारीही बंद असते आणि कुणी होडीत घेत नाही.

माझा कौल असा. पुढे गोव्याला किंवा कोचीला एमएस्सी करायचा विचार असेल तर टब आणि ऑनलाइन दोन्ही घ्या, या क्रमाने. भौतिकशास्त्र-गणित नकोसं वाटत असेल आणि जीवशास्त्राची ओढ असेल तर रत्नागिरीचं शिबिर जास्त भावेल. तिथे मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. नुसतं क्रेडिट कमी पडत असेल तर ऑनलाइन, आणि त्यात संकोच वाटायचं कारण नाही. बी.एड. करून शाळेत शिकवायचं असेल तर टबच. त्यातलं सगळं सामान नंतर तुमच्या वर्गातही उभं करता येतं.

नोंदणीआधी शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना दोन गोष्टी विचारा: एका उपकरणामागे किती जण असतील, आणि चुकलेलं वाचन वहीत ठेवायचं की खोडायचं? एका टाकीभोवती वीस जण असतील तर अठरा जण मोबाईलवर फोटो काढतात. आणि ‘खोडायचं’ असं उत्तर आलं, तर ऑनलाइनच बरं.