सात महिने ‘सायकोकँडी’ ऐकल्यावर

पहिल्या दिवशी ‘सायकोकँडी’च्या रेकॉर्डवर सुई टेकवली आणि वाटलं, रेकॉर्ड प्लेअरच्या मागची पिन सैल झालीय. वायर काढून परत लावली, सुई पुसली, दुसरी एक रेकॉर्ड लावून बघितली. सगळं ठणठणीत. करकर रेकॉर्डमध्येच होती, मुद्दाम ठेवलेली.

‘द जीझस अँड मेरी चेन’ या बँडचा हा पहिला अल्बम, नोव्हेंबर १९८५चा. जिम आणि विल्यम रीड हे भाऊ ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइडचे. वडिलांची नोकरी गेली तेव्हा हातात आलेल्या पैशांतले ३०० पौंड त्यांनी पोरांना दिले, त्यातून घरी रेकॉर्डिंगचं छोटं मशीन आलं. (आमच्याकडे अशा वेळी पोराला टायपिंगच्या क्लासला घातलं असतं.)

पहिला महिना ‘जस्ट लाइक हनी’च्या पुढे गेलोच नाही. सुरुवातीचा धम्, धम्-धम्, फट् हा ठेका सरळ ‘रॉनेट्स’ या पोरींच्या ग्रुपच्या १९६३च्या ‘बी माय बेबी’वरून उचललाय. लपवाछपवीही नाही, ‘सोइंग सीड्स’मध्ये परत तोच. बॉबी गिलेस्पी उभ्यानं दोनच ड्रम बडवायचा, डग्लस हार्टच्या बेस गिटारला तारा दोनच. बाकी सगळी जागा गिटारच्या किंचाळण्याला मोकळी.

इयरफोनवर ऐकू नका. मी दोन आठवडे ट्रेनमध्ये ऐकला आणि डोकं धरलं. मला हा अल्बम कळला तो स्वयंपाकघरात. रविवारी लसूण सोलत होतो, रेकॉर्ड हॉलमध्ये चालू. लांबून करकर विरळ झाली आणि चाल तेवढी आत आली, साठच्या दशकातल्या पोरींच्या ग्रुपनं गावी अशी गोड. ‘टेस्ट ऑफ सिंडी’ मी गुणगुणतोय हे कळेपर्यंत गाणं संपलंही होतं, दोन मिनिटांचंसुद्धा नाही ते. त्यानंतर स्पीकरसमोर बसलं तरी गोंगाट वेगळा काढता येईना. जिम अर्धवट झोपेत असल्यासारखा सपाट गातो, आरडाओरडा त्याच्या वतीनं गिटार करते.

तक्रार एकच. दुसरी बाजू मध्येच रेंगाळते, ‘इनसाइड मी’ अजून अंगवळणी पडलेलं नाही. पण १४ गाणी, चाळीस मिनिटांच्या आत सगळा कारभार, त्यामुळे उठून सुई पुढे सरकवायचा कंटाळा करतो.

बायको रेकॉर्ड लागली की आतून दार लावून घेते. फक्त ‘कट डेड’ला उघडते, त्यात करकर नाही.